पोटावरच्या पिशवीचा भाव

आमच्या गावात जी माणसं गाडी बरी चालवतात त्यातली निम्मी माझ्या काकांनी शिकवलेली आहेत. जी वाईट चालवतात त्यातलीही बरीच त्यांचीच. काका ते नाकारत नाहीत. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाय ठेवून उभं आयुष्य काढलं म्हणून लोक त्यांना ब्रेककाका म्हणतात. शिकणारा घाबरला की काका हळू आवाजात काहीतरी वात्रट बोलतात, तो हसला की त्याचे पाय सैल पडतात आणि गाडी नीट चालायला लागते. त्यांची शिकवण्याची पद्धत म्हणाल तर एवढीच.

मी त्यांची पुतणी. माझे आईवडील लवकर गेले, काका-काकूंनी मला लहानाचं मोठं केलं. शिक्षण संपल्यावर मीही त्यांच्या दुसऱ्या गाडीवर शिकवायला लागले. त्यामुळे पुढे जे झालं ते मी घरातूनही पाहिलं आणि गाडीतूनही. ते आठवलं की तोंडाला येणारी चव आजही चांगली नाही.

पन्नाशी उलटल्यावर काकांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. ऑपरेशनमध्ये खालचा भाग काढून टाकावा लागला आणि उरलेल्या आतड्याचं तोंड डॉक्टरांनी पोटावर, डाव्या बाजूला काढलं. आता शौच तिथून होणार, आपल्याला न विचारता, केव्हाही. आणि ते झेलायला पोटावर कायमची एक पिशवी. कातडीला आधी एक चिकट चकती लावायची, चकतीला कडं असतं, त्या कड्यात पिशवी दाबून बसवायची. हॉस्पिटलातल्या सिस्टरांनी हे त्यांना पुन्हापुन्हा करून दाखवलं. काका भिंतीकडे बघत पडून राहिले.

घरी आल्यावर कितीतरी दिवस ते खोलीबाहेर आले नाहीत. स्वतःच्याच शरीराची त्यांना शिसारी बसली होती. जेवायला नको म्हणायचे, कारण खाल्लेलं पुढे कुठे जाणार ते डोळ्यांसमोर दिसायचं. काकूने सगळं आपल्या हातात घेतलं. एकदा त्यांनी तिला विचारलं, तुला माझी किळस येत नाही का. काकू पिशवी रिकामी करून आली होती. हात पुसत ती म्हणाली, "या पोरीचे लंगोट धुवत होते तेव्हा नाही विचारलंत. नाक तेव्हाही हेच होतं."

त्या दिवसानंतर काकांची जीभ हळूहळू परत आली. ‘आमच्या घराचं मागचं दार पुढे आलंय,’ असं ते भेटायला येणाऱ्यांना आपणहून सांगू लागले. मग गाडीत बसावंसं वाटायला लागलं. पण सीटच्या पट्ट्याचा खालचा भाग नेमका तिथेच दाबायचा. काकूने जुन्या उशीचा स्पंज कापून मध्ये भोक असलेली एक छोटी गादी शिवली. ती शर्टाखाली बांधून काका कामावर आले.

सुरुवातीला आम्ही औषधाच्या दुकानात जी स्वस्त मिळेल ती पिशवी आणायचो. एका सकाळी एक कॉलेजचा मुलगा शिकत होता आणि चकती सुटली. गाडीच्या काचा बंद होत्या. मुलाने नाक मुरडून काच खाली केली आणि म्हणाला, इथल्या गटारांकडे कोणी बघतच नाही. काका म्हणाले, नगरपालिका झोपलीय. तो धडा त्यांनी पूर्ण केला, मुलाला त्याच्या दारात सोडलं, आणि घरी येऊन न्हाणीघरात बराच वेळ बसून राहिले. पुढचे कितीतरी महिने धडे संपेपर्यंत ते अन्नाला शिवत नसत.

सिस्टरांनी सांगितलं की या पोटाला एकाच कंपनीची चकती नीट बसेल. पूर्वी असं नव्हतं. आमच्याच भागात एक छोटी फॅक्टरी होती. तिचा माल दिसायला ओबडधोबड पण धरून बसणारा. मोठ्या कंपनीने ती फॅक्टरी विकत घेतली आणि वर्षाच्या आत कुलूप लावलं. आणखी एक कंपनी होती, तीही अशीच गिळली. आता दुकानात वेगवेगळ्या रंगांच्या पेट्या मांडलेल्या दिसतात, सिस्टर म्हणाल्या, पण पैसे पडतात एकाच गल्ल्यात. आणि भाव असा की एका शिकणाऱ्याची अख्खी फी काकांच्या पोटावरून आठवड्याभरात वाहून जायची.

त्या भावात सरकारी कराचाही मोठा वाटा होता. करखात्याने या पिशव्या प्रवासी बॅगा आणि खरेदीच्या प्लास्टिक पिशव्यांच्या रांगेत बसवल्या होत्या. पिशवी ती पिशवी, असा हिशोब. कोण्या कारकुनाने कधीतरी लिहिलं आणि कोणी वाचलं नाही.

सिस्टरांनी अशा रुग्णांचं एक मंडळ केलं होतं. हॉस्पिटलच्या आवारातल्या एका खोलीत सगळे जमायचे. त्यात एक निवृत्त बँक अधिकारी होते, सगळे त्यांना बँकवाले म्हणायचे. एक इस्त्रीवाल्या बाई होत्या. त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालचं खोपट; दिवसभर गरम इस्त्रीपाशी उभं राहून घाम यायचा आणि घामाने चकती सुटायची, म्हणून त्यांना इतरांपेक्षा जास्त पिशव्या लागायच्या. त्या फारसं बोलत नसत. सगळ्यांचे कपडे कसे चुरगळलेत याकडेच त्यांचं लक्ष असायचं. एकदा बैठक चालू असताना त्यांनी काकांची कॉलर हाताने दाबून सारखी केली होती.

कर काढून टाकावा म्हणून मंडळाने अर्ज केले, खेटे घातले. शेवटी कर समितीने बोलावलं आणि बोलायला काकांना पुढे केलं. बँकवाले आणि मी सोबत होतो. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, पलीकडे पाचसहा अधिकारी. काकांनी पिशवी कशासाठी लागते हे सांगायला सुरुवात केली तशी मधल्या अधिकाऱ्याने आपली बाटली जरा लांब सरकवली आणि तपशील नको, थोडक्यात सांगा, असं म्हटलं.

काका म्हणाले, "थोडक्यात सांगतो. साहेब, तुम्ही रोज सकाळी जे फुकट करता, त्यावर मी कर भरतो."

कोणी हसलं नाही. पण काही महिन्यांनी कर रद्द झाला. मंडळाच्या खोलीत त्या दिवशी चहा झाला, सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं, बँकवाल्यांनी भाषण केलं. काका माझ्यासोबत थेट औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराने पेटी काढून दिली आणि नेहमीचेच पैसे मागितले. काका म्हणाले, कर गेला ना. दुकानदार म्हणाला, गेला की. बिलात बघा, कर शून्य. मूळ भाव तेवढा वाढलाय.

जितका कर गेला होता, बरोबर तितका. जुन्या छापील भावावर नवी चिठ्ठी चिकटवलेली होती, आणि तीही वाकडी. तोंडाला पानं पुसतात म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. सरकारला वाटलं आपण रुग्णांना दिलं, रुग्णांना वाटलं आपल्याला मिळालं, आणि मधल्यामध्ये कंपनीने सगळं आपल्या ताटात ओढून घेतलं.

मंडळ हरलं नाही. आता त्यांनी विम्याचा आग्रह धरला. पिशव्या विम्यात बसवा, म्हणजे भाव काही का असेना, रुग्णाच्या खिशाला चाट बसणार नाही. यालाही वेळ गेला, पण हेही झालं. एका महिन्यासाठी अमुक रकमेपर्यंतच्या पिशव्या विमा देईल असं ठरलं. भाव आणि ती मर्यादा यांच्यात बरंच अंतर होतं. वर्ष संपायच्या आत ते अंतर मिटलं. भाव चढत चढत मर्यादेला जाऊन टेकला. रुग्णाने भरायचा जो थोडा वाटा होता त्यासाठी कंपनी आपणहून कूपन वाटायला लागली, म्हणजे ज्याच्याकडे विमा आहे त्याला भाव वाढल्याचं कळूच नये.

काकांकडे विमा नव्हता. कॅन्सर होऊन गेलेल्या, स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसाला कोणी विमा देत नव्हतं. इस्त्रीवाल्या बाईंकडे तर कधीच नव्हता. आणि जे विमावाल्यांसाठी वाढलं तेच दुकानात यांनाही द्यावं लागत होतं. स्वतःच आंदोलन करून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलेली ही माणसं.

मंडळाच्या बैठकीला हळूहळू विमावाले येईनासे झाले. त्यांची गरज भागली होती. काकांनी बँकवाल्यांना रस्त्यात गाठून भावाचं सांगितलं, तेव्हा ते समजुतीने म्हणाले की आपल्याला काय करायचंय, विमा देतोय ना. काका घरी आले आणि काकूला म्हणाले, हा माणूस माझ्या शेजारी बसून समितीपुढे रडला होता.

मग इस्त्रीवाल्या बाई बैठकीला येईनाशा झाल्या. काकू आणि मी त्यांच्या जिन्याखाली गेलो. दुकान उघडं होतं, इस्त्री थंड होती. त्यांनी आम्हाला पाहून पदर पोटाशी घट्ट धरला. काकूने बऱ्याच विनवण्या केल्यावर दाखवलं. दुधाची रिकामी पिशवी कापून, चिकटपट्टीने पोटाला डकवलेली. भोवतीची कातडी सोललेली, लाल, ओली. गिऱ्हाइकं कपड्यांना वास येतो म्हणून परत नेत होती. काकूने तिथेच बसून सगळं स्वच्छ केलं आणि आमच्या पेटीतल्या पिशव्या त्यांना लावून दिल्या. आयुष्यभर घाणीला न घाबरलेली माझी काकू त्या संध्याकाळी मोरीत ओकली. जखमेने ती ओकली नव्हती, हे मला तिने सांगायची गरज नव्हती.

याच सुमारास कंपनीने आमच्या गावात एक ऑफिस उघडलं, आणि तिथली एक बाई काकांकडे गाडी शिकायला आली. कोणत्या कंपनीची हे आम्हाला ठाऊक नव्हतं. चाळिशीची, बोलायला गोड, वेळेच्या आधी हजर. समोरून गाड्या येत असताना वळण घ्यायची तिला फार भीती वाटायची. काकांना ती सर म्हणायची.

एकदा माझी गाडी दुरुस्तीला टाकली होती. काका मला गॅरेजवर सोडणार होते, म्हणून मी त्यांच्या गाडीत मागे बसले होते. बाई चालवत होती. रेल्वेचं फाटक बंद झालं आणि आम्ही रांगेत अडकलो. काकांनी सहज विचारलं, तुम्ही काम काय करता. तिने कंपनीचं नाव सांगितलं. पिशव्यांचा विभाग तिच्याकडे होता. भाव ती ठरवायची.

मी मागे आखडून बसले. काकांनी मान वळवली नाही.

"भाव कसा ठरवता?" त्यांनी विचारलं. "बनवायला किती लागतं ते बघून?"

"ते अगदी शेवटी," ती हसून म्हणाली. "आधी बघायचं, गिऱ्हाईक किती सोसेल."

तिच्या कामाबद्दल कोणी आपुलकीने विचारत नसावं. ती मोकळी झाली. काकांनी मध्ये रद्द झालेल्या कराची आठवण काढली. तेव्हा कंपनीची पंचाईत झाली असेल, म्हणाले. उलट, ती म्हणाली. गिऱ्हाईक कर धरून तेवढे पैसे देतच होतं, त्याला सवय झालेली होती. "सरकारने हात काढून घेतला, तिथे आम्ही आमचा ठेवला."

विम्यानंतर तर काम फारच सोपं झालं होतं. रुग्ण भाव विचारत नाही, डॉक्टर विचारत नाहीत, विमा कंपनी पुढच्या वर्षी सगळ्यांचा हप्ता वाढवून मोकळी होते. दुसरा कोणी विकणारा नसेल, तर विम्याची मर्यादा कुठे आहे ते बघायचं आणि तिथे जाऊन उभं राहायचं. मर्यादा वाढवून घेण्यासाठी आता त्यांचे प्रयत्न चालू होते.

"आणि ज्याला विमा नाही तो?"

"त्यांच्यासाठी मदत योजना आहे ना, सर. काही पेट्या फुकट देतो. दान म्हणून पूर्ण भावाने दाखवतो, म्हणजे आम्हाला करात तेवढी सूट मिळते. भाव जितका जास्त, तितकी सूट जास्त. त्यात सगळ्यांचंच भलं आहे."

हे ती फुशारकीने सांगत नव्हती. कपड्यांची घडी कशी घालावी हे सांगावं, तसं सांगत होती. चोर असती, खोटं बोलली असती, तर मला राग आला असता. मला राग आला नाही. किळस आली.

फाटक उघडलं. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली. काकांनी तिला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. तिने घेतली, छान घेतली.

"मॅडम," काका म्हणाले, "माझ्या पोटावर तुमचीच पिशवी आहे. आत्ता, इथे."

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पोटाकडे. तिचा उजवा हात तिच्या नकळत दाराकडे गेला आणि काच सरसर खाली आली.

"वास येत नाही," काका म्हणाले. "तुमचा माल चांगला आहे. चांगला आहे म्हणूनच तुम्हाला हे सगळं जमतं."

ती गोरीमोरी झाली. तिने माफी मागितली, मला कल्पना नव्हती म्हणाली, आणि पुढच्याच वाक्यात त्यांचं नाव मदत योजनेत घालायची तयारी दाखवली. काकांनी समोरच्या रस्त्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "आरसा बघा, इशारा द्या, निघा."

तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगा, असं मी घरी आल्यावर त्यांच्या मागे लागले. ते ऐकेनात. रस्त्यावर तिच्या समोरून जी माणसं चालतात ती काही कंपनीची नसतात, म्हणाले. तिला गाडी नीट यायलाच हवी. त्यांनी तिला ते वळणही शिकवलं आणि ती पहिल्या फटक्यात परीक्षा पास झाली. पण फाटकापाशी ते बोलणं झालं त्या दिवशी काका जेवले नाहीत. साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले. काकूला म्हणाले, "मला माझ्या पोटाची शिसारी यायची ना. ती मी उगाच तिथे खर्च केली."

बाईने शब्द पाळला. एका सकाळी दारात कंपनीचा माणूस उभा, हातात फीत बांधलेली मोठी पेटी, सोबत फोटोवाला. काकांनी पेटी स्वीकारताना हसायचं, मागे कंपनीचा फलक धरायचा, असं त्यांनी समजावलं. काकूची नजर पेटीवर होती. राग तुमचा आहे तशी कातडीही तुमचीच आहे, असं ती हळूच म्हणाली. काका तिला म्हणाले, थांब. मग फोटोवाल्याकडे वळून म्हणाले, फोटो काढायचा तर मालाचा काढा, आणि शर्ट वर केला. पिशवी निम्मी भरलेली होती. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. कंपनीचा माणूस म्हणाला, असा फोटो छापता येणार नाही. काका म्हणाले, मग कसला छापता. पेटी आली तशी परत गेली. काकूने दोन दिवस अबोला धरला, आणि मला वाटतं तिचं चुकलं नव्हतं. त्या पेटीत दोघांच्या कित्येक महिन्यांची सोय होती, काकांची आणि इस्त्रीवाल्या बाईंची.

यानंतर विम्याची मर्यादा वाढवायची की नाही यावर ती ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांनी जाहीर बैठक बोलावली. कंपनीने रुग्णांसाठी खास बस केली होती. कधी नव्हे ते अख्खं मंडळ हजर होतं. काका उठले आणि म्हणाले, मर्यादा वाढवू नका, भावाला लगाम घाला. तुम्ही जितकं वाढवाल तितकं ते खातील. हॉस्पिटलांनी आणि विमा कंपन्यांनी मिळून एकत्र खरेदी करावी, दुसऱ्या कोणाला बनवू द्यावं. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत आपल्याच लोकांनी गलका केला. बँकवाले उभे राहिले.

"तुम्हाला मिळत नाही म्हणून आमच्या ताटातलं ओढताय," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. काका खाली बसले. सिस्टर एकट्या त्यांच्या बाजूने बोलल्या, पण त्यांचं कोणी ऐकलं नाही. मर्यादा वाढली आणि तीन महिन्यांत भाव तिला जाऊन टेकला.

त्या हिवाळ्यात इस्त्रीवाल्या बाई गेल्या. काकू जमेल तेवढं पुरवत होती, पण आमचंच पुरत नव्हतं, आणि बाई मिळालेल्या पिशव्या जपून ठेवायच्या. मधले दिवस दुधाच्या पिशवीवर काढायच्या, आम्हाला सांगायच्या नाहीत. जखमेतून विष रक्तात गेलं. खोपटात नव्याकोऱ्या, न वापरलेल्या पिशव्या निघाल्या, एका घडी घातलेल्या चादरीत. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक असतात असं ऐकलं होतं. त्या लोण्याला भाव असतो, त्यावर कराची सूट असते आणि ते खायला विमा पैसे देतो, हे मात्र नवीन होतं.

पुढे जे व्हायचं तेच झालं. विम्याचे हप्ते एवढे वाढले की लोक ओरडायला लागले, आणि विमा कंपन्यांनी हप्ता कमी न करता पिशव्यांचा आकडा कमी केला. महिन्याला लागतात त्याच्या निम्म्याच. आता बँकवाल्यांनाही वरच्या पिशव्या दुकानातून घ्यायची वेळ आली आणि भाव दिसला. ते आमच्या दारात आले, बराच वेळ चप्पल काढत बसले. काकांनी त्यांना आत घेतलं, चहा दिला. जुनं काही काढलं नाही. ते गेल्यावर कप मात्र स्वतः विसळला, जरा जोर लावून.

मंडळ पुन्हा भरायला लागलं आणि या वेळी काकांचंच म्हणणं मागणी म्हणून पुढे गेलं. सिस्टरांनी कुलूप लागलेल्या त्या छोट्या फॅक्टरीचा जुना फोरमन शोधून काढला. फॅक्टरी विकताना मालकाने पुन्हा हा धंदा न करण्याचं लिहून दिलं होतं, फोरमनने काही लिहून दिलेलं नव्हतं. कड्याच्या जोडणीचं पेटंटही संपत आलं होतं. त्याने एका शेडमध्ये यंत्र बसवलं, काही हॉस्पिटलांनी मिळून घ्यायचं कबूल केलं. माल आधी कोणाच्या पोटावर लावून बघायचा, हा प्रश्न होता. काका म्हणाले, माझं दार उघडंच आहे.

पहिल्या चकतीने त्यांची कातडी भाजल्यासारखी झाली. दुसरी गाडीत सुटली. काकूने फोरमनला घरी बोलावून असं काही फैलावर घेतलं की तिसऱ्या चकतीचा डिंक त्याने तिला विचारून बदलला. ती टिकली.

नवा माल दुकानात आला, आणि महिना उलटायच्या आत कंपनीने आपला भाव निम्म्याहून खाली आणला. फॅक्टरी तीच, पेटी तीच, पिशवी तीच. मंडळात आनंदीआनंद झाला, गोड वाटलं गेलं. काका दुकानात नव्या भावाची पेटी हातात धरून उभे होते. मला वाटलं आता काहीतरी वात्रट बोलतील. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"म्हणजे एवढ्यात परवडत होतं," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

त्यांनी पेटी परत फळीवर ठेवली आणि घराकडे चालायला लागले. भाव चढताना त्यांनी कधी शिवी दिली नव्हती. उतरला तेव्हा दिली, रस्त्यात, मोठ्याने, एक ओळखीचा शिष्य गाडी थांबवून नमस्कार करत असताना.

बँकवाले आणि मंडळातले बरेच जण पुन्हा कंपनीच्या पिशव्यांकडे गेले. त्या आता शेडच्या मालाइतक्याच स्वस्त आहेत आणि जास्त चांगल्या आहेत, यात खोटं काही नाही. भाववाली बाई बढती घेऊन दुसरीकडे गेली. काका मात्र शेडमधल्या फोरमनचाच माल वापरतात. तो अजूनही कधीकधी दगा देतो, विशेषतः उन्हाळ्यात. काकू कुरकुरते, पैशाने सारखंच तर आहे, मग हा त्रास कशाला. काका म्हणतात की आपण सगळे तिकडे गेलो तर शेड बंद पडेल, आणि शेड बंद पडल्याच्या दुसऱ्या दिवशी भाव काय होईल ते सांगायला ती बाई लागत नाही.

गाडीच्या मागच्या सीटवर आता एक इस्त्री केलेला जादा शर्ट कायम टांगलेला असतो. नवा शिकणारा कधी तो शर्ट कशाला म्हणून विचारतो. काका सगळं खरं सांगतात, चकतीपासून भावापर्यंत. ऐकता ऐकता काहींचा हात काच खाली करायला जातो. काका त्यांना करू देतात.